शेळीवाटेचं तिसरं वळण

त्या रविवारी झिगोरला मिळायचं होतं ते असं: डोक्यावर पाचवी चापेला, म्हणजे विजेत्याला घालतात ती रुंद काळी टोपी. दुपारी चोकोत, आमच्या मंडळाच्या जेवणघरात, टेबलाच्या टोकाची खुर्ची आणि पहिलं ताट. आणि बंदराच्या भिंतीवरची ती निळी फरशी. तिच्यावर इतकी वर्षं ‘मार्त्सेलची फेरी’ असं लिहिलेलं होतं. जो पाच वेळा जिंकेल त्याचं नाव फेरीला द्यायचं, असा सायकल क्लबाचा ठराव होता. ठराव झिगोरनेच मांडला होता, दोन चापेला पदरात पडल्यावर. अनुमोदन त्याच्या मेव्हण्याचं. टोप्या आणि फरशी सोडली तर माणूस तसा निःस्वार्थी.

जायचं होतं ते एकट्या मार्त्सेलचं नाव. ही फेरी त्याने शोधली. बंदरावरून डावीकडे वळायचं, सफरचंदाच्या बागांमधून दरीने वर जायचं, सान तेल्मोच्या प्रार्थनाघरापर्यंतचा लांबलचक सोपा घाट चढायचा, मग शेळीवाटेने धाडधाड समुद्रावर उतरायचं आणि किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने गावच्या पाटीपर्यंत जीव खाऊन पळायचं. शेळीवाट आता डांबरी आहे, पण नाव बरोबर आहे. शेळ्यासुद्धा तिथे विचार करून पाय टाकतात.

चार वर्षांपूर्वी प्रार्थनाघरापाशी मार्त्सेल आणि झिगोर दोघेच पुढे होते, आणि मार्त्सेलची चेन पडली. आमच्याकडे कुणाची चेन पडली, चाक फुटलं, तर बाकीचे पाय टेकून थांबतात. हे कुठे लिहिलेलं नाही. चर्चमध्ये टोपी काढावी हेही कुठे लिहिलेलं नाही. झिगोरने मागे वळून बघितलं आणि पेडलवर उभा राहून सुटला. मार्त्सेलने चेन कशीबशी बसवली आणि रागाच्या भरात शेळीवाटेवरून त्याच्यामागे सुटला. तिसऱ्या वळणावरच्या दगडी कठड्याने त्याला थांबवलं. त्याचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. आता तो मासळीच्या लिलावघरात उंच स्टुलावर बसून भाव पुकारतो. झिगोरला ती पहिली चापेला मिळाली.

“चेन त्याची पडली, माझी नाही,” असं झिगोर माझ्या बारमध्ये दर वर्षी म्हणायचा. मार्त्सेलचा धाकटा भाऊ एर्रामुन तेव्हा कॉफीत साखर ढवळत राहायचा. एर्रामुन कॉफीत साखर घालत नाही, हे फक्त मला माहीत होतं.

एर्रामुन चढाला अख्ख्या क्लबात भारी, पण किनाऱ्याच्या रस्त्यावर झिगोरपुढे त्याचं काही चालायचं नाही. झिगोरची युक्ती साधी. घाटभर दुसऱ्याच्या मागच्या चाकाला नाक लावून, त्याच्या आडोशाने वर यायचं, उतारावर दगडासारखं घरंगळायचं आणि पाटी दिसली की पंच्याण्णव किलो वजनानिशी बाहेर पडायचं. त्यानंतरची दोन वर्षं एर्रामुन दुसरा आला.

मागच्या वर्षी तो शेवटचा आला.

शेवटचा नंबर आमच्याकडे पांचोचा. पांचो औषधाचं दुकान चालवतो आणि सायकल चालवतो ती भूक लागावी म्हणून. शेवटचा येईल त्याने त्या दुपारी सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचा, आणि पुढच्या वर्षी सुरुवातीला बंदरावर उभं राहून फेरीची दिशा हाताने दाखवायची, असा रिवाज. पांचोला स्वयंपाक आवडतो, तेव्हा सगळ्यांचं भागत होतं. दिशेचं म्हणाल तर हात नेहमी डावीकडेच जायचा. तो एक मान होता, उद्घाटनाला रिबन कापण्यासारखा. तो अधिकार आहे हे गाव विसरूनही गेलं होतं.

तर मागच्या वर्षी पांचो गावच्या पाटीजवळ आला आणि बघतो तो एर्रामुन रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून सँडविच खातोय.

“काय रे, पंक्चर?”

“नाही. भूक.”

“मग चल की!”

“तू हो पुढे.”

पांचो हुशार माणूस. तोही भिंतीवर बसला. “लेका, ती जागा माझी आहे,” म्हणाला. “अकरा वर्षांची. बटाटे सोलून आलोय घरून.” दोघे तिथे एवढा वेळ बसले की झिगोरच्या मेव्हण्याने गाडी पाठवली. शेवटी पांचोला लघवीला जायची निकड झाली आणि तो पाटी ओलांडून गेला. सांगताना अजून त्याचा आवाज चिरकतो. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याशी शर्यत लावली, बाई, आणि मी हरलो!”

एर्रामुनने केलेला मार्मितको, म्हणजे ट्यूना-बटाट्याचा रस्सा, गावाने निमूट गिळला. ट्यूना रबरासारखा, बटाटे कच्चे. वर्षभर लोक त्याला ‘शेफ’ म्हणत होते. झिगोरने तर त्याच्या दारात कांद्याची माळ टांगली. एर्रामुनने ती काढली नाही. माळ वाळली, सालं उडून गेली, दोरी राहिली. मी रोज त्या दारावरून जाते; जो माणूस अपमान काढून टाकत नाही, तो अपमान तो कुठेतरी खर्च करणार असतो.

या वर्षी त्या रविवारी सकाळी, दिशा जाहीर व्हायच्या बऱ्याच आधी, मार्त्सेल काठी टेकत माझ्याकडे आला.

“मायशाबेल, तुझ्या व्हॅनमध्ये जागा आहे? आणि एक खुर्ची दे. घडीची नको, दणकट.”

“कुठे बसणार आहेस?”

“तिसऱ्या वळणावर.”

चार वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. “तिथे बघायचंय काय?” मी म्हटलं. “डोळा मिटेपर्यंत सगळे खाली गेलेले असतात.”

“माझा डोळा मिटत नाही,” तो म्हणाला, आणि काउंटरवरून ऑम्लेटचा तुकडा उचलला. पैसे न देता. तो कधी तसं करत नाही.

मी व्हॅन घेऊन वर गेले. दर वर्षी जाते, पाणी आणि पावात भरलेली ऑम्लेटं घेऊन. तिसऱ्या वळणावर निम्मं गाव जमलं होतं, पोरंबाळं, म्हातारे, झिगोरची बायको गाराझी हातात नवी कोरी फरशी घेऊन. होय, फरशी बनवून आणली होती. झिगोर वाट बघणारा नव्हे. सगळे प्रार्थनाघराकडे, चढाकडे तोंड करून उभे होते. फक्त मार्त्सेलने आपली खुर्ची समुद्राकडे वळवून मांडली.

“अरे, उलटा बसलास,” गाराझी म्हणाली.

“असू दे. ऊन लागतं डोळ्यावर.”

आभाळ ढगाळ होतं. तेव्हा मला ती कांद्याची दोरी आठवली, आणि मी ऑम्लेटं झाकून ठेवली. आज भूक नंतर लागणार होती.

खाली बंदरावर काय झालं ते पांचोने सांगितलं. एर्रामुन दगडावर चढला, सगळ्यांकडे बघितलं, आणि हात उजवीकडे केला. आधी हशा झाला. मग झिगोर म्हणाला, “पुरे झाली गंमत, शेफ.” एर्रामुनने हात खाली घेतला नाही. “शेळीवाट चढायची?” झिगोर म्हणाला. “खुळा आहेस का?” पांचो मध्ये पडला, कारण तो अकरा वर्षं शेवटचा आलेला माणूस आणि रिवाजाची इज्जत त्याच्याइतकी कुणाला असणार? “हात ज्याचा, दिशा त्याची. मला कधी सुचलं नाही हे माझं दुर्दैव,” म्हणाला. झिगोर क्लबाचा अध्यक्ष. सगळ्यांसमोर नाही कसा म्हणणार? त्याच्या सायकलला किनाऱ्यासाठी लावलेली जड चाकं होती आणि गिअर पळायचे होते, चढायचे नव्हते.

एर्रामुन किनाऱ्याच्या रस्त्यावर पुढे सुटला, आणि झिगोरने सवयीने त्याच्या चाकाला नाक लावलं. जो दुसऱ्याच्या मागच्या चाकाकडे बघत सायकल चालवतो त्याला रस्ता दिसत नाही. शेळीवाट उतरताना झिगोरला डोळे मिटूनही यायची. खालून ती त्याने कधी बघितलीच नव्हती. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे रस्ता हळूच सपाट होतो, माणूस जरा सैलावतो, वेग पकडतो, आणि वळण घेतलं की समोर चढ भिंतीसारखा उभा. तिथे ज्याचे हात घाईने गिअर उतरवतात त्याची चेन पडते. हे गावात दोघांना माहीत होतं, ज्याने ती फेरी शोधली त्याला आणि त्याच्या भावाला.

खालून चाकांचा आवाज आला. सगळं गाव गर्रकन वळलं. एर्रामुनने वळणाच्या आधीच, कुणाला कळू न देता, गिअर उतरवला होता. झिगोर त्याच्या मागे वळला, खटकन बोटं मारली, आणि खळ्ळ. पाय हवेत फिरले. त्याने कसाबसा पाय टेकला, मार्त्सेलच्या खुर्चीपासून दोन हातांवर.

एर्रामुन दहा पावलं पुढे होता. त्याला जाता आलं असतं. त्याने एक हात वर केला आणि पाय टेकला. मागून येणारे सगळे एकेक करून थांबले. क्लबात नवी आलेली नाहिया नावाची पोरगीसुद्धा थांबली.

वरून शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

“जा ना!” झिगोर ओरडला. चेन त्याच्या बोटांतून निसटत होती. “जा पुढे! कशाला थांबलास?”

“चेन पडलीय तुझी,” एर्रामुन म्हणाला. “सावकाश कर. आम्ही थांबतो.”

“जा म्हणतो ना!”

“छे. असं कसं?”

झिगोरचे हात कोपरापर्यंत काळे झाले, मग टोपीला पुसले, मग तोंडही काळं झालं. गाराझीने फरशी कोटाच्या आत सरकवली. अखेर चेन बसली.

“बसली?” एर्रामुनने विचारलं. “नीट? चला मग.”

ते सगळे रस्त्यावर आडवेतिडवे, नागमोडी वळणं घेत निघाले. हलकी माणसं, हलके गिअर. झिगोर निघाला आणि कठड्याकडे कलंडला. पुन्हा निघाला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा गवतात बसला. मग उठला, सायकल हातात धरली आणि चालू लागला. सायकलीच्या बुटांचे कडक तळवे डांबरावर टक, टक, टक.

मार्त्सेलने लिलावघरातला आवाज काढला, जो खाली बोटीपर्यंत जातो. “एक अध्यक्ष! ताजा! पंच्याण्णव किलो, कल्ले अजून हलतायत! कोण बोलतंय?”

शेळीवाट हसली. गाराझीही, तोंड वळवून.

झिगोर थांबला. “अजून काय हवंय तुला?”

“काही नाही रे. चार वर्षं इथून जिंकायला जात होतास, एकदा तरी थांबशील असं वाटलं होतं. म्हटलं, जवळून कसा दिसतोस बघावं.”

झिगोरने तोंड उघडलं. ते नेहमीचं वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं सगळ्यांना दिसलं, चेन त्याची पडली, माझी नाही. त्याने ते गिळलं आणि चालू लागला.

दुपारी चोकोत मार्मितको झिगोरने केला. पांचो त्याच्या मागे उभा राहून कांदा किती बारीक हवा ते सांगत होता, आणि आवाजात आनंद कमी, दुखावलेपण जास्त. एर्रामुनने ताटाला हात लावला नाही. थांबून गार पडलेल्या त्याच्या पायांना पुढे वेग मिळालाच नव्हता. चापेला नाहियाच्या डोक्यावर होती, डोळ्यांपर्यंत घसरलेली.

“पुढच्या वर्षी दिशा त्याच्या हातात,” मी एर्रामुनला हळूच म्हटलं. “आता वर्षभर तू झोपणार नाहीस.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

तर त्या रविवारची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते असं: झिगोरने पाचवी टोपी, फरशी आणि एक वाक्य. गाराझीने ती फरशी नवऱ्याला न विचारता माझ्या बारच्या दारात पायपुसण्याखाली टाकली. एर्रामुनने एक अख्खं वर्ष, एक विजय आणि येणाऱ्या वर्षाची झोप. पांचोने शेवटचा नंबर, तोही दुसऱ्यांदा. मार्त्सेलने त्या दिवशी काही भरलं नाही. त्याने आपला वाटा चार वर्षांपूर्वीच भरला होता. तो नुसता जेवला, मीठ कमी आहे म्हणाला, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.