खाटेपुढचं नाव

दोन हजार दहा सालची गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना ठेवून घेणारं ते रुग्णालय होतं, आणि त्याच्या नोंदणीच्या खोलीत ताई एकटी बसायची. तिच्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या दोन फायली रोज उघड्या असत. एकीत कुठल्या खाटेवर कोण, दुसरीत कुणाला कसलं जेवण. दोन्ही एकाच चौकटीत उघडायच्या. एक पुढे आणली की दुसरी मागे दडायची. क्लिक केल्यावर प्रत्येक फाइल वेगळी उघडेल असं सेटिंग करून द्या, म्हणून ती कॉम्प्युटरवाल्याच्या मागे लागली होती. त्याचं ठरलेलं उत्तर, सेटिंगला अ‍ॅडमिनची परवानगी लागते, वरून आली की बघू. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तो हेच सांगायचा, म्हणून सगळे त्याला परवानगीसाहेब म्हणत.

ताईचा थोरला भाऊ, दादा, अर्धांगाने घरी पडून होता. त्याला उचलून उचलून वहिनीची पाठ पार कामातून गेली होती. पण ताईने रांग मोडून त्याचं नाव पुढे घातलं नाही. विहिरीच्या काठावर बसून आमच्या वन्सं तहानलेल्या, असं वहिनी चारचौघांत बोलून दाखवायची. ताई ऐकून घ्यायची. अखेर दादाचा नंबर सरळ मार्गाने लागला.

त्या सकाळी तिने खिडकीजवळच्या खाटेपुढे दादाचं नाव घातलं, सेव्ह केलं आणि वहिनीला फोन केला. मग जेवणाची फाइल पुढे घेतली. स्वयंपाकघराच्या चिठ्ठीवरून भरताना ओळ चुकली. एकेक खोडत कोण बसणार, म्हणून चिठ्ठीवरची नजर न काढता तिने भराभर अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणारं बटण, दाबलं. एका चौकटीतल्या फायलींचं अनडू सामाईक असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या चुका पुसून झाल्यावर ते तसंच मागे गेलं आणि दादाचं नावही पुसून मोकळं झालं. तिने मान वर केली तर समोर खाटांची फाइल. या फायली अशा पुढेमागे व्हायच्याच. सवयीने दोन्ही सेव्ह करून तिने याद्या छापल्या आणि वॉर्डात पाठवल्या.

वॉर्डाचा नियम साधा. रांगेतल्याचं नाव नोंदणीतून यादीत यायचं; यादीत खाट रिकामी असेल, तर दारात पहिला येईल त्याची. दुपारी दादाला घेऊन गाडी आली तेव्हा त्या खाटेवर एक म्हातारे शिक्षक झोपले होते. मोठ्या सिस्टरनी यादी दाखवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि झोपलेल्या माणसाला उठवणार तरी कोण? गाडी परत फिरली. गाडीचं दार लावून घेण्याआधी वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिथं बसलेल्या असून?"

दुसरी खाट रिकामी व्हायच्या आत दादा गेला.

पुढे परवानगीसाहेबाने तिला दाखवलं. फाइलवर क्लिक करायचं नाही. मेनूतून एक्सेलच पुन्हा सुरू करायचं आणि दुसरी फाइल त्यातून उघडायची. झाल्या दोन वेगळ्या.

"आणि याला परवानगी?" ताईने विचारलं.

"कसलीच नाही," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही सेटिंग मागत होतात."

त्याने वर्षाच्या आत नोकरी सोडली आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मोठ्या सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. शिक्षक त्या खाटेवर बरीच वर्षं काढून गेले; त्यांचं जेवण रोज ताईच भरायची. ताई वय होईपर्यंत त्याच खुर्चीत बसली. वहिनी लेकीकडे राहते. अधूनमधून फोन करते, तब्येत विचारते. घरी या म्हणत नाही.