चेहरे बदलले, कपडे राहिले

बेळगावजवळच्या मच्छे गावाशेजारच्या एका वाडीतल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातली मी सागवानी फळी. माझ्यावर चित्र आहे म्हणून लोक मला मान देतात, नाहीतर मी एखाद्या कपाटाचं दार झाले असते.

१९१२ साली इथल्या ज्योतिबा मास्तरांनी मला बेळगावच्या नागोजी पेंटरकडे दिलं. नागोजी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "येशू गुरू, त्यांचे शिष्य, आणि पाय धुण्याचा प्रसंग," एवढंच मास्तर बोलले. नागोजीने अगदी मन लावून काढलं. चौरंगावर जरीचा शेला पांघरलेले येशू, आणि खाली फाटकी घोंगडी घेतलेला शिष्य त्यांचे पाय धुतोय! आपल्याकडे दुसरं कोण कुणाचे पाय धुणार?

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, उलटं झालं. गुरूनं धुतले शिष्याचे."

"गुरूनं? आनि त्यो चेला गप बसून ऱ्हायला?" नागोजीने पुन्हा कुंचला उचलला. मला मंदिरात लावायचा रविवार तर परवावर आलेला. शेवटी त्याने नुसते चेहरे बदलले, कपडे तसेच ठेवले. म्हणून माझ्यावर शिष्य शेल्यात ऐटीत बसलाय आणि प्रभू फाटक्या घोंगडीत वाकलेत. खरं सांगते, मला आधी याची लाज वाटायची.

पुढच्या रांगेत मष्णू बसायचा. तो ख्रिस्ती झाल्यापासून सहा वर्षं त्याची आई राजाबाई त्याच्या घरचं पाणी पीत नव्हती. घर दोन गल्ल्या पलीकडे, पण दोघांचं बोलणं बंद. "तिनं यावं. माझं काय चुकलंय?" असं तो मास्तरांना ऐकवायचा. म्हातारी त्या वर्षी फार खंगली होती आणि हा तसाच अडून बसलेला.

एका रविवारी मास्तरांचा उपदेश चालला होता, मष्णूचं लक्ष मात्र माझ्यावर. बघता बघता त्याने अंगावरचं रेशीमकाठी उपरणं चाचपलं. "मास्तर, ह्यो वर बसलेला मीच हाय की!" असं मोठ्याने म्हणून तो उठला आणि थेट आईच्या दारात गेला. आपल्या घरचं चालायचं नाही म्हणून तिच्याच रांजणातलं पाणी घेऊन त्याने तिचे पाय धुतले. दोघं किती रडली, ते मास्तरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या रविवारी राजाबाई त्याचा हात धरून मला बघायला आली.

"ह्यातला तुझा देव कुठला रं? वर बसलाय त्यो?"

"न्हाय आई. खाली वाकलाय त्यो."

ती जवळ आली. पदराने प्रभूंच्या पाठीवरची धूळ पुसत म्हणाली, "लई वेळ वाकलाय की रं."

ती ख्रिस्ती झाली नाही, कुणी आग्रहही केला नाही. पण जगली तोवर दर रविवारी येऊन तेवढी पाठ पुसायची. नागोजी, तुझे उपकार कसे फेडू? तू चुकला नसतास, तर मी कुणाच्या कामी आले असते?

आता १९४७ साल आहे. स्वराज्य आलं, जिकडेतिकडे रंगरंगोटी चाललीय, मलाही नवा रंग द्यायचं ठरलंय. द्या, आनंदाने द्या. फक्त प्रभूंच्या पाठीवर रंग झिजून लाकूड दिसतंय, तिथे कुंचला लावू नका. तिथे राजाबाईचा हात फिरलाय.