विश्वासातलं माणूस

“काय ठरलंय ते लक्षात आहे ना?” आजीने नातीच्या कानाशी लागून विचारलं. नऊ वर्षांच्या नातीने मान हलवली.

साक्षीला आलेल्या मुलांसाठी कोर्टात एक वेगळी खोली होती. तिथे खेळणी आवरणाऱ्या मदतनीस बाईंनी कान टवकारले. ठरलंय? म्हणजे पढवलंय! मुलांना धीर द्यायचा, पण साक्षीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी बाईंची नोकरी. त्या नोकरीत त्यांनी कितीतरी मुलं ऐन वेळी फिरलेली पाहिली होती. कुणाला मावशीने सायकल कबूल केलेली, कुणाला बापाने दम भरलेला. दुधाने तोंड पोळलेल्या बाई आता ताकच काय, पाणीही फुंकून पीत. शिपाई त्यांना पाठीमागे ‘शंकासुर’ म्हणायचा. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

इथे तर आरोपी होता मुलीचा सख्खा काका, म्हणजे या आजीचाच धाकटा मुलगा. पोटच्या पोराला तुरुंगात धाडायला कुठली आई साक्षीदाराला बोट धरून आणेल? बाईंनी सरकारी वकिलांना गाठलं.

“म्हातारी पढवतेय पोरीला. तिला आत बसू देऊ नका.”

“नक्की?”

“माझ्या कानांनी ऐकलंय, साहेब.”

झालं. आजीची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली. साक्ष देणाऱ्या मुलाजवळ विश्वासातलं माणूस बसवायची पद्धत, म्हणून बाई स्वतःच मुलीशेजारी बसल्या. काका दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला होता. न्यायाधीश मॅडमनी मायेने विचारलं, “बाळ, काकांच्या खोलीत काय झालं होतं?”

मुलीने दाराकडे पाहिलं. “मला नाही आठवत.”

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. पडद्यापलीकडे कुणीतरी सुटकेचा निःश्वास टाकला. तो बाईंना स्पष्ट ऐकू आला. मॅडमनी थोडा वेळ काम थांबवलं.

बाई तणतणत बाहेर आल्या. “झालं समाधान? आठवत नाही म्हणाली पोर!”

आजी ताडकन उठली. “अहो, मी तिथे नव्हते ना! घरी सांगायला लागली की मला रडू यायचं. मी रडले की ही गप्प. आजीला त्रास होतो म्हणून. मग आमचं ठरलं. मी रडायचं नाही, तिने थांबायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघून बोलणार होती ती.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तशाच वकिलांकडे गेल्या आणि नंतर मॅडमसमोरही उभ्या राहिल्या. “चूक माझी आहे. मी न विचारता संशय घेतला.” बचावाचे वकील खवळले. मॅडमनी आजीला दोन-चार प्रश्न विचारले आणि शब्द नाही, खूण नाही अशी ताकीद देऊन तिला नातीसमोर बसवलं.

मुलगी बोलली. अडखळत, पण सगळं बोलली. दुपारचं, लावलेल्या कडीचं, कुणाला सांगितलंस तर आजी मरेल या धमकीचं. आजी कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली. बाईंना मात्र आजीकडे बघवेना.

साक्ष संपली. बाई दोघींना जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मागे, बंद दाराआडून, काकाची हाक आली.

“आई!”

“ओ,” आजीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मग तिने नातीचा हात घट्ट धरला आणि ती जिना उतरू लागली.