रोहनच्या रक्तातलं अधू प्रथिन

मित्रांनो, मी काही जुनं होऊन झिजलेलं प्रथिन नाही. मी जन्मतःच अधू आहे. जोयड्याच्या रानातल्या दिग्गी गावी रोहन नावाचं तान्हं बाळ आहे. त्याच्या एका लाल रक्तपेशीत मी राहतो. जी-सिक्स-पी-डी हे माझं डॉक्टरी नाव.

माझं काम राखणीचं. पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सारखे शिरजोर होतात. माझा सोबती ग्लुटाथिओन त्यांना आवरतो आणि थकतो. त्याला पुन्हा उभं करण्याचं बळ मी पुरवायचं. एरवी मी कसंबसं निभावून नेत होतो, त्याबद्दल थोडा फुशारलोही होतो.

मग बारसं आलं. बाळाला बापाच्याच लहानपणच्या वाकळीत, म्हणजे गोधडीत, गुंडाळून पाळण्यात घालायचं, ही या घरची रीत. ती वाकळ रोहनच्या आजीने, पुतळीने, हाताने शिवलेली. कसर लागू नये म्हणून तिने ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून जपली होती. पाऊस हटेना, म्हणून ऊन न दाखवताच बाहेर काढली.

गोळ्यांचा अंश श्वासातून, कातडीतून रक्तात उतरला आणि उपद्रवी रेणूंनी थैमान घातलं. सोबती माझ्याकडे आला, पण माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं. शेजारच्या पेशी पटापट फुटल्या. माझी तेवढी वाचली, याची मला फार लाज वाटते.

बाळ पिवळं पडलं, लघवी काळपट झाली. आई सुनयनाने त्याला दांडेलीच्या दवाखान्यात नेलं. वाकळीचा वास येताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबद्दल विचारलं.

"आत्याबाई, तुमच्या वाकळीनं माझं लेकरू खाल्लं!" सुनयना सोबत आलेल्या सासूवर ओरडली.

पुतळी बाळापासून दूर सरून खाली बसली. "व्हय गं, माझीच चूक. आता म्या हात न्हाई लावायची त्येला."

रक्त चढवल्यावर रोहन सावरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्यांचं निमित्त झालं. याचं एक प्रथिन मुळात अधू आहे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो."

सुनयनाचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच दिलं व्हय?"

पुतळी उठली. बाळाला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "तू काय ठरवून दिलंस? पाज आधी त्येला." मग दोघीही रडू लागल्या.

मित्रांनो, बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवू नका. आणि माझ्यासारखं अधू प्रथिन कुणाच्या रक्तात असेल, तर काही औषधंही असाच घात करतात, म्हणून ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी एवढंच ओरडलो असतो: बायांनो, रडू नका, अपराधी मी होतो.