कणकेची दक्षिण अमेरिका

"तेल घालू नका हं, प्रभाताई," विहीणबाई ओट्यापाशी येऊन म्हणाल्या. "नुसतं मीठ आणि पाणी. तेलानं डोंगर उभे राहत नाहीत."

चाळीस वर्षं कणीक मळतेय मी. त्यांची पाठ वळताच दोन पळ्या तेल ओतलं.

नातीला, तनयाला, शाळेत दक्षिण अमेरिका न्यायची होती, प्लायवूडवर, कणकेची. विहीणबाई भूगोलाच्या रिटायर मास्तरीण. शनिवारी आर. के. पुरमहून मेट्रोनं नोएडाला आल्या, त्या मुक्कामालाच. मी चौथी पास. तनया त्यांना नानी म्हणते. दिवसातून किती वेळा, ते मी मोजत नाही, कानावर येतं. सोमवारी प्रदर्शन. सोबत एकाच आजीला पास, आणि त्यावर नावाची जागा अजून कोरी होती.

रविवारी सकाळी पाहिलं तर अँडीज बसलेला. घसरून पार अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पसरला होता, वर रंगही धरेना.

"आजी, तू ऑइल घातलंस? नानीनं मना केलं होतं ना, यार." तनया रडवेली झाली.

"पीठच जुनं असेल, बेटा," विहीणबाई म्हणाल्या.

त्या उपकारानं माझं डोकं जास्त फिरलं. "मीच घातलं," मी म्हटलं. "कुणाच्या पदराआड लपायची सवय नाही मला."

पुन्हा मळली. विहीणबाईंची बोटं संधिवातानं वाकडी. "तीस वर्षं खडूनं डोंगर काढले, हातानं एक नाही केला. तुम्ही करा, मी सांगते."

पश्चिमेला समुद्राला लागून, वरपासून खालपर्यंत अँडीज. मी करंजीसारखी मुरड घालत गेले. "वळ्या अशाच पडल्यात तिथं," त्या म्हणाल्या. पूर्वेला ब्राझीलचा उंचवटा, मध्ये खोलगट अ‍ॅमेझॉन, खाली पंपासचं गवताळ मैदान, शेपटाशी पॅटागोनियाचं पठार. मला एकदा सांगून कळलं. तनयानं दोनदा विचारलं.

संध्याकाळी तिनं पासवर नाव लिहिलं. "आजी, टीचर इंग्लिशमध्ये विचारतात. तू बोर होशील."

"मी कुठं काय म्हटलं?"

सोमवारी प्लायवूड मीच खाली नेलं, कॅबमध्ये विहीणबाईंच्या मांडीवर ठेवलं. "अँडीज तुमच्याकडे घ्या. दाराला लागला तर मोडेल."

"बिल्कुल," त्या म्हणाल्या.

तनयानं हात हलवला. तो मला होता की गार्डला, कळलं नाही.

वर येऊन परातीला वाळलेलं पीठ खरवडत बसले. पाण्यात भिजवलं असतं तर पटकन सुटलं असतं. नाही भिजवलं.