ताई डावीकडे वळत नाहीत

“बाळाला उचलताना अंगठा फाकवून धरू नकोस. हात दुखावला की नोकरीही गेली आणि बाळही,” असं माझ्या नणंदेनं, मी बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी, मला बजावलं होतं. मी हसले. म्हटलं, “ताई, हातांची दुखणी हे तुमचं खातं. माझे हात ठणठणीत आहेत.”

आम्ही दोघीही प्रोग्रामर. ताई मात्र काम संपवून उठतात त्या गेम खेळायलाच बसतात. एकट्या राहतात, आणि घरात कीबोर्ड इतके, की पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी करावी लागते.

भोपळीनं, म्हणजे आमच्या लेकीनं (नाव गालांवरून पडलंय), मान धरली आणि माझ्या उजव्या अंगठ्यानं हाय खाल्ली. तिला उचललं की कळ, माऊस धरला की कळ. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. रजा संपत आली होती. भोपळी आणि नोकरी, दोन्हींत माझा अंगठा अडकला होता.

मग ताईंकडून कीबोर्ड-माऊस भरलेलं एक खोकं आलं आणि पाठोपाठ त्यांचा व्हिडिओ कॉल.

“काम कुठं करणार? टेबलावर?”

“टेबल कसलं! पलंगावर, आणि मांडीवर भोपळी.”

“मग माऊस विसर, त्याला मैदान लागतं. तो ट्रॅकबॉल काढ, जागच्या जागी गोळा फिरवायचा तो. छोटा नको, तो अंगठ्यानं फिरवायचा असतो. मोठा घे, बोटांनी फिरव.”

“हा खिशातला कीबोर्ड किती गोड आहे!”

“गोड आहे, पण अख्खा अंगठ्यांवर चालतो. ठेव खाली.”

“आणि हा एका हाताचा?”

“त्यात दोन-तीन कळा एकदम दाबल्या की एक अक्षर उमटतं. तुला जमेस्तोवर भोपळी कॉलेजात जाईल.”

उरला तो दोन तुकड्यांचा कीबोर्ड, मध्ये नुसती वायर. एक तुकडा मांडीच्या या कडेला ठेवला, दुसरा त्या कडेला, आणि मध्ये भोपळी झोपली. ट्रॅकबॉल गुडघ्याशी. स्क्रीन समोरच्या उशांवर टेकलेली. खिडकीच्या पडद्यातून येणारा दुपारचा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. मी टाइप करू लागले, तशी ती मला एखाद्या नदीसारखी वाटली: दोन्ही काठांवर माझे हात, आणि मधून तिचा श्वास संथ वाहतोय. कळा इतक्या हलक्या, की माझ्याच बोटांचा आवाज मला लांबून आल्यासारखा यायचा. अंगठा कितीतरी दिवसांनी गप्प होता.

काम आटोपलं की आम्ही दोघी, आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून समुद्राच्या तळाशी उतरायचो. जुन्या धाटणीचा गेम. शत्रू नाहीत, घाई नाही. निळ्या अंधारात चालायचं, विझलेले दिवे लावायचे. वळणंसुद्धा डाव्या हाताच्या कळांवरच. ताईंची पाणबुडी बाई पुढे, माझी मागे. कधी कधी मला डुलकी लागायची आणि जाग आली की ताई एखाद्या प्रवाळाशी थांबून राहिलेल्या असायच्या, आई थांबते तशा.

मला मात्र प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवायची खोड. भोपळी शिंकली तरी मी तिचे श्वास मोजते. तशी गेममधली एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. ताई पळत नव्हत्या. आधी तर माशासारख्या सुसाट सुटायच्या. मग कळलं, त्या डावीकडे वळतही नाहीत. दिवा डाव्या हाताला असला की उजवीकडून अख्खी गिरकी घेऊन त्याच्यापाशी येतात.

“ताई, डावीकडे काय वाकडं आहे?”

“अगं, नाचतेय मी. तुला नाच कळत नाही.”

मी हसले, पण माझी बोटं कळांवर थबकली. पळायला करंगळी. डावीकडे वळायला तिच्या शेजारचं बोट.

दुसऱ्या दिवशी भोपळीला घेऊन बस पकडली. ताईंनी दार उजव्या हातानं उघडलं आणि भोपळीला घ्यायला मात्र हात पुढे केले नाहीत.

“डावा हात दाखवा.”

“चहा टाकते आधी.”

“ताई, हात.”

करंगळी आणि शेजारचं बोट आत वळली होती. मी नखानं टोचलं, त्यांना कळलं नाही.

“करंगळी बधिर झाली, तिच्या कळा शेजारच्या बोटाला नेमून दिल्या,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. “ते गेलं, मग पुढच्याला. दोन मिनिटांचं काम असतं गं. कोड लिहिला जायचाच, त्या जुन्या गेममधल्या कळा तेवढ्या बदलता येत नव्हत्या. मलाच वाटायचं, काही बिघडलेलं नाही.”

“म्हणजे बग काढला नाहीत, झाकलात.”

“शहाणी आहेस.” आणि एवढं बोलून त्या रडल्या. “हात गेला तर मी काय करू, सांग?”

त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. कोपराशी नस दबली होती. उशीर झालाय, पण हात हातचा गेलेला नाही, असं ते म्हणाले. परवा शस्त्रक्रिया आहे.

आत्ता त्या माझ्या पलंगावर भोपळीशेजारी झोपल्या आहेत, आणि मी हे लिहितेय. तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल, दिवसभर कळांवर बोटं ठेवून जगणारं, फोनवर फार हसणारं. फोन करू नका. आजच त्यांच्या घरी जा, समोर बसा, आणि म्हणा, करंगळी हलवून दाखव बघू.