ग्रीस लागलेला एक्स

मी लाकडी एक्स बोलतोय. इंग्रजीतला चोविसावा. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा, जन्मापासून तेच बघत आलोय.

कन्हेरीच्या महंमद मिस्त्रींनी मला घडवलं. लोखंड ओतायचे लाकडी साचे करण्यात त्यांची उमर वालचंदनगरला गेली. निवृत्तीनंतर उरल्यासुरल्या सागवानातून त्यांनी नात समिनासाठी आम्हा सव्वीस जणांना कोरलं. माझ्या चार टोकांनी त्यांना दमवलं, पण त्यांनी कंटाळा केला नाही.

खेळ सोपा. पिशवीत हात घालायचा आणि जे अक्षर येईल ते कुठंही असलेले दहा इंग्रजी शब्द सांगायचे. मी आलो की मात्र घरातली सवलत ठरलेली: परत टाक, दुसरं काढ. ई आणि ए हाताळून गुळगुळीत झाले, मी नवाच्या नवा. मला राग यायचा, आणि तो मी लपवणार नाही.

समिना आठवीत गेली. बारामतीच्या शब्दस्पर्धेसाठी शाळेतून एकालाच पाठवणार होते. निवडीसाठी सरांनी तिचीच पिशवी मागून घेतली. वर्गातल्या राजवर्धनला एस मिळाला, त्यानं दहा शब्द धडाधड सांगितले. समिनाच्या हाती मी आलो.

"परत टाकू का, सर?"

"तिथं परत टाकू देत नाहीत."

बॉक्स, सिक्स, फॉक्स. तिसऱ्या शब्दावरच ती अडली. वर्ग हसला. सरांनी सोमवारची शेवटची संधी दिली, पण अक्षर हेच.

घरी येताच तिनं मला अब्बांच्या ट्रॅक्टर गॅरेजात नटबोल्टांच्या डब्यात भिरकावलं. अब्बा म्हणजे अबरारभाई. ग्रीसमध्ये पडल्या पडल्या मी गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत होतो. "अबरारभाई, ट्रॉलीचा ॲक्सल वाकलाय." "गिअरबॉक्स लई वाजतोय." "एक्झॉस्टमधनं काळा धूर यायलाय." सगळीकडं मीच होतो, आणि म्हणे माझे शब्द नाहीत!

रविवारी दादी मेहबूबबी वायसर शोधायला डबा उपसत बसल्या आणि मी त्यांच्या हाताला लागलो.

"ह्ये कसलं अक्षर गं?"

"एक्स. त्याचं शब्दच न्हाईत, दादी."

दादींनी नव्या ॲक्सलचा खोका पुढं सरकवला. "मग ह्याच्यावर त्येच कशाला छापलंय?"

समिनानं वाचलं. "पण ॲक्सल इंग्रजी कुठं हाय? त्यो तर आपला शब्द हाय."

ट्रॉलीखालून अबरारभाई हसले. "रोज बोलतो म्हणून आपला वाटतो, लेकी. हाय इंग्रजीच."

दादी कधी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "मिक्सर लिही. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे लिही. आन् ही मॅक्सी?" समिना प्रत्येक शब्द शब्दकोशात बघून वहीत उतरवत गेली. इंदापूरच्या पाहुण्यांचं द्राक्षांचं एक्स्पोर्टसुद्धा त्यात आलं.

सोमवारी तिनं अठरा शब्द सांगितले. राजवर्धन कुरकुरला, "सर, हे सगळे गॅरेजातले शब्द आहेत."

समिना त्याच्याकडं वळली. "व्हय, गॅरेजातलेच हायत. गॅरेज आमचंच हाय."

सरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं. मला त्या क्षणी झालेला आनंद सांगता यायचा नाही.

उद्या बारामतीला स्पर्धा आहे. तिथं अक्षरं त्यांची असतात, म्हणजे माझं काही काम नाही. तरी समिनानं मला कंपासपेटीत घेतलंय, अंगावरचं ग्रीस न पुसता. मोठ्या शाळांतल्या पोरापोरींनो, तुमच्या मोबाईलमध्ये शब्दांच्या याद्या असतील, असू देत. तुमच्या पिशवीतलं अवघडातलं अवघड अक्षर काढा, आमच्या समिनाच्या हातात ठेवा, आणि मग हसून दाखवा.